समुद्र रंगवणारी बार्बरा



एखाद्या बाईने चित्र काढले, ते विकले गेले आणि चार पैसे आले. हे पैसे कुणाचे? तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय, तिचेच! पण शे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात कायद्याचे उत्तर निराळे होते. बाई अविवाहित असेल तर पैसे तिचे. लग्न झालेली असेल तर नवऱ्याचे. सिंहासनावर राणी व्हिक्टोरिया, आणि कायदा असा! श्रीमंत बाप वकील गाठून मुलीच्या पैशासाठी विश्वस्त नेमी. शिवणकाम करून पोट भरणारीने काय करावे?

हा प्रश्न धसास लावणारी बार्बरा ली स्मिथ ही समुद्राची चित्रे काढणारी होती. तिचा जन्म १८२७ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यातला. वडील बेंजामिन सधन, पुढे पार्लमेंटचे सभासद झालेले. आई बायकांच्या टोप्या तयार करणारी. दोघांनी लग्न केले नव्हते. आई क्षयाने गेली तेव्हा बार्बरा सात वर्षांची होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण सर्वच जाणतो. ती हिची सख्खी आतेबहीण. पण त्या घराने हे नाते कधी मानले नाही. वडील मात्र मोठे न्यायी. मुलगा-मुलगी असा भेद न करता प्रत्येक अपत्याला एकविसाव्या वर्षापासून सालीना ३०० पौंडांचे उत्पन्न त्यांनी लावून दिले. रंग विकत घ्यायला बार्बराला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे विसरून चालणार नाही.

तिचे बालपण हेस्टिंग्ज गावी समुद्रकाठी गेले. तिथले कोळी आपल्या होड्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, जाळी ठेवायला डांबर फासलेल्या उंच, काळ्या लाकडी खोल्या असतात. हे सारे पाहत ती वाढली. त्या काळी मुलींनी चित्रे काढावीत ती फुलांची, फळांची, फार तर घरातल्या लेकरांची, अशी रीत होती. समुद्र काही घरात येत नाही! त्यासाठी कड्यावर जाऊन उभे राहावे लागते. वारा कागद उडवतो, खारट दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाहीत, आणि लाट तर क्षणभरही थांबत नाही. १८५० साली बार्बरा आणि तिची मैत्रीण बेसी पार्क्स या दोघीच युरोपात पायी हिंडून आल्या. झगे आखूड केलेले, पायांत जाड बूट. लोकांनी नावे ठेवली, ठेवू देत! टर्नरच्या पंक्तीला तिला बसवावे असा माझा आग्रह नाही. पण वारा अंगावर घेऊन तिने समुद्र पाहिला आहे, हे तिच्या चित्रांतून कळते.

१८५४ साली तिने एक लहानशी पुस्तिका काढली. स्त्रियांविषयीचे कायदे तिने तीत साध्या भाषेत मांडले, कुणालाही समजावेत असे. मग अर्ज तयार झाला, गावोगाव सह्या गोळा झाल्या आणि १८५६ साली तो पार्लमेंटपुढे गेला. त्याच वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात तिचे व्हेंटनरच्या किनाऱ्याचे चित्र लागले होते. पुढच्या वर्षी बोदिशाँ या फ्रेंच डॉक्टरशी तिचे लग्न झाले. हिवाळ्यात अल्जीअर्स, उन्हाळ्यात इंग्लंड असा संसार सुरू झाला. चित्रे चालूच राहिली, विकलीही जाऊ लागली. बायकोची कमाई बायकोची, हे कायद्याने मान्य केले ते १८७० साली. आणि सगळ्याच मालमत्तेवर तिचा हक्क आला १८८२ साली. अर्जापासून मोजा, सव्वीस वर्षे!

अकॅडमीच्या शाळेची गंमत सांगतो. मुलींना तिथे प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून १८५९ साली चित्रकर्त्यांनी पत्र धाडले. त्यात बार्बराचीही सही होती. दुसऱ्या वर्षी लॉरा हरफर्ड नावाच्या मुलीने पाठवलेल्या चित्रांवर नावाचे फक्त आद्याक्षर आणि आडनाव घातले. परीक्षकांना वाटले, मुलगाच! प्रवेश देऊन मोकळे झाले.

शिक्षकबंधूंना ठाऊक असेल, मुलींसाठी केंब्रिजचे गर्टन कॉलेज निघाले ते बार्बरा आणि एमिली डेव्हिस यांच्या खटपटीने. १८६९ साली हिचिन गावी, भाड्याच्या घरात, पाच मुलींनिशी सुरुवात झाली. बार्बराने १,००० पौंड देऊ केले, चित्रांच्या विक्रीचा पैसाही ती तिकडे वळवी. १८७७ साली तिला अर्धांगाचा झटका आला. भटकंती संपली. तरी ससेक्समधल्या आपल्या खेड्यातल्या घरात तिने मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. १८९१ साली ती वारली, तेव्हा मृत्युपत्रात कॉलेजला १०,००० पौंड ठेवलेले होते.

तिच्या मदतीने गर्टनला शिकलेली एक गरीब ज्यू मुलगी पुढे हर्था एअरटन या नावाने विजेची शास्त्रज्ञ झाली. आपल्या लेकीचे नाव तिने बार्बरा ठेवले. १९०२ साली रॉयल सोसायटीत सभासद म्हणून हर्थाचे नाव सुचवले गेले, तेव्हा ती विवाहित आहे, कायद्याने सभासद होऊ शकत नाही, म्हणून ते नाकारण्यात आले. दोनच वर्षांनी त्याच सोसायटीपुढे स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री ठरली. निबंधाचा विषय होता, समुद्राच्या पाण्याने किनाऱ्याच्या वाळूवर ज्या वळ्या उमटतात त्या कशा तयार होतात.