नाद पतंगाचा, दोरा सुताचा

आपल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्चीवरून कुणी खाली उतरत नाही. हलकडी वाजते, आसारी फिरते, ताटातली भाकरी गार होते. वर पतंगानं ओढ घेतली की हाताला नाद लागतो. आम्हा बायकांनाही लागतो!

नाद असू द्या, पण दोरा बघा. नायलॉन मांजा तुटत नाही, म्हणूनच गाडीवरच्या माणसाचा गळा चिरतो, पाखरांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली.

आमच्या गटानं ठरवलंय, घरातली आसारी आपणच तपासायची. दोऱ्याचं टोक जाळा. सुताची राख होते, नायलॉन वितळून त्याची गोळी होते. गोळी झाली, तर तो मांजा पोरांच्या हाती देऊ नका.