जीवदया आणि मूक मातेची शस्त्रक्रिया
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सन १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटके श्वान मारण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू आणि जैन रहिवाशांनीही त्याला साथ दिली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मुक्या प्राण्यास मारू नये, हा संस्कार या भूमीत किती खोल रुजला आहे, याची ही साक्ष होय. परंतु मारले नाही, एवढ्याने करुणेचे कर्तव्य पूर्ण होते काय? हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

गल्लीतील एखादी कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. गर्भधारणेनंतर सुमारे ६३ दिवसांनी, कुठे जिन्याखाली, कुठे बंद दुकानाच्या पायरीआड, ती चार-सहा पिल्लांना जन्म देते. मांजरीचे चक्र तर याहून वेगवान. ती चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाच तिला पुन्हा गर्भ राहू शकतो. पिल्ले जन्मली की मुले आनंदतात, कोणी दूध ठेवते, कोणी पोते अंथरते. त्यानंतर काय घडते, याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही.

पश्चिम बंगालमधील संशोधकांनी तो ठेवला. रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांची त्यांनी नोंद केली आणि ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सात महिन्यांचे वय गाठेपर्यंत त्यांतील सुमारे १९ टक्केच पिल्ले जिवंत राहिली होती. एकूण मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मनुष्यच कारणीभूत होता. कोणी वाहनाखाली सापडले, कोणाला मारले गेले, कोणाला आईपासून उचलून नेले. जमेच्या बाजूस दुधाची वाटी आणि खर्चाच्या बाजूस पाचांतील चार जीव, असा हा ताळेबंद आहे. प्रत्येक वेताबरोबर त्या मातेची शक्ती खचते ती निराळीच.

यावरील उपाय म्हणजे मादीची निर्बीजीकरण शस्त्रक्रिया. पूर्ण भूल देऊन, लहानसा छेद घेऊन, पशुवैद्य तिचे दोन्ही बीजांडकोश आणि गर्भाशय काढून टाकतो. त्यानंतर ती माजावर येत नाही. तिच्यामागे नरांचे टोळके लागत नाही आणि त्यातून उद्भवणारी भांडणेही कमी होतात. गर्भाशयात पू साचण्याच्या प्राणघातक विकारापासून ती सुरक्षित होते. शस्त्रक्रिया लवकर झाली, तर कुत्रीच्या स्तनांतील गाठींचा धोकाही बराच घटतो. केवळ नरांची शस्त्रक्रिया का पुरत नाही, असे विचारले जाते. याचे कारण सरळ आहे. परिसरात एक जरी नर उरला, तरी तो अनेक माद्यांना पुरेसा ठरतो. म्हणून संख्येची किल्ली मादीकडे आहे.

तथापि श्रावकाच्या मनात येथे एक खरी शंका उभी राहते. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत प्राण्याचे अवयव छेदणे हा दोष सांगितला आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म, म्हणजे पशूंना खच्ची करणे, डागणे, नाक टोचणे यांवर उपजीविका करणे, हेही येते. मग निर्बीजीकरणास साहाय्य करणे धर्माला धरून होईल काय?

येथे हेतूचा विचार करावा लागतो. बैल खच्ची केला जातो तो त्याने निमूटपणे नांगर ओढावा म्हणून. लाभ मनुष्याचा आणि वेदना पशूची. निर्बीजीकरणात मनुष्याच्या लाभासाठी पशू राबवला जात नाही. वेदना भूल देऊन टाळली जाते, आणि टळते ते त्या मातेचे व तिच्या पिल्लांचे दुःख. जैन आचारशास्त्राने हिंसेचा निर्णय करताना कर्त्याचा कषाय आणि प्रमाद यांना निर्णायक मानले आहे. म्हणून यात दोष मुळीच नाही असा दावा न करताही एवढे म्हणता येते की, अल्प दोषाने मोठे दुःख टळत असेल, तर हात बांधून बसणे ही अहिंसा नव्हे, ती उपेक्षा होय. विद्वज्जनांत याविषयी मतभेद संभवतात; त्यांचा आदर राखूनच हा विचार मांडला आहे.

मात्र एक अट अटळ आहे, ती म्हणजे यतना. सन २००१ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांत गाभण कुत्रीचा गर्भपात करू नये, तिला प्रसूती होईपर्यंत सोडून द्यावे, असे स्पष्ट सांगितले होते. त्यामागील भावना श्रावकाला सहज पटावी. सन २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. अंगावर पिणारी पिल्ले असलेली माता उचलून नेली, तर पिल्ले उपाशी मरतात. घाईने घातलेले टाके, अस्वच्छ उपकरणे, शुद्धीवर येण्यापूर्वीच रस्त्यावर सोडलेला जीव, या गोष्टी घडल्या तर दयेचे कार्य स्वतःच हिंसा बनते.

यतनेने केलेल्या कार्याचे फळ जयपूरने दाखवले. तेथे ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ मध्ये निर्बीजीकरण आणि रेबीज प्रतिबंधक लसीकरण एकत्र सुरू केले. सुमारे आठ वर्षांत कार्यक्षेत्रातील ६५ टक्के माद्यांची शस्त्रक्रिया झाली, श्वानसंख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या क्षेत्रात माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. श्वानहत्येची मोहीम न राबवता हे साधले. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रेबीजग्रस्त व आक्रमक श्वान वगळता, शस्त्रक्रिया आणि लसीकरण झालेले श्वान मूळ जागी सोडावेत असे म्हटले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतून पकडलेल्या श्वानांना तेथे परत न सोडण्याचा आदेश दिला. बालके व रुग्ण यांच्या रक्षणाची चिंताही जीवदयेतच मोडते, हे विसरता कामा नये.

मित्रहो, जीवदयेच्या खात्यात चारा आणि धान्य यांसाठी दान येते, ते येतच राहावे. त्याच खात्यातून शस्त्रक्रियेनंतर विसाव्यासाठी एखादी स्वच्छ खोली, चांगली औषधे आणि देखरेख करणारा माणूस यांचीही तरतूद व्हावी. जो नित्य पोळी घालतो, त्याच्यावर त्या मुक्या प्राण्याचा विश्वास असतो. फास न टाकता तिला हळुवारपणे पशुवैद्यापर्यंत तोच नेऊ शकतो. पोळी घालणाऱ्या हाताने एवढी एक पायरी पुढे टाकली, तर करुणा पूर्णत्वाला जाईल.

जय जिनेंद्र!