स्वयंपाकघरातला एक खिळा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

यंदा आमचं स्वयंपाकघर नवीन झालं. भिंतीवर काय लावायचं? सूनबाईने वारली चित्र आणलं. आपल्या पेठ-सुरगाण्याकडेही वारली वस्ती आहे. मूळ चित्रं गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. म्हणजे भिंतीवर अन्नच! मला पटलं.

पण त्या जागी ‘कालनिर्णय’चा खिळा होता. १९७३ पासून निघणाऱ्या या कॅलेंडरवर आमची ही दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख लिहायची. मी बँकेची खाती जुळवली. घराचं खातं तिथे होतं. ती गेली, अक्षर राहिलं.

शेवटी चित्र मधोमध लागलं आणि खिळा शेजारी सरकला. आता खाडे मी लिहितो.

मंडळी, भिंत जरूर सजवा. पण एक खिळा राहू द्या.