ताटापुढची उपकारस्तुति

सायंकाळची वेळ आहे. दिवे लागले आहेत. एका मराठी ख्रिस्ती घरांत पानें वाढून झालीं आहेत: भाकरी, पिठलें, बाजूला कांदा आणि मीठ. भुकेलेला मुलगा ताटाकडे हात नेतो आणि आजी नुसती त्याच्याकडे पाहते. हात मागें येतो. डोळे मिटले जातात. घरांतील वडील माणूस चार-दोन वाक्यें बोलतो, सर्वजण 'आमेन' म्हणतात आणि मग जेवण सुरू होतें. या सर्व गोष्टीस अर्धें मिनिटहि लागत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास ती एक धर्मरीति वाटेल. घरच्या माणसांसहि कित्येकदां ती तेवढीच वाटते. तथापि भुकेला हात ज्या अर्ध्या मिनिटांत थांबतो, त्यांत ख्रिस्ती श्रद्धेचा फार मोठा भाग सामावलेला आहे. आणि त्याच अर्ध्या मिनिटांत त्या श्रद्धेची फसगतहि होऊं शकते.

जेवणापूर्वीं देवाचें स्मरण करणें ही गोष्ट मराठी मनास नवी नाहीं. पानाभोंवतीं चित्राहुति घालणारीं आणि श्लोक म्हणून पहिला घांस घेणारीं घरें महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी ख्रिस्ती समाजानें त्याच जागीं एक शब्द आणून ठेवला: उपकारस्तुति. मराठी बायबलांत, प्रार्थनांत आणि मंडळीच्या उपासनेंत हा शब्द वारंवार कानांवर येतो. उपकार ओळखावा, आणि ओळखून गप्प न बसतां वाणीनें त्याची स्तुति करावी, असे दोन्ही अर्थ त्यांत आहेत. मनांत ओळखून भागत नाहीं, बोलावें लागतें.

आणि बोलण्याच्या बाबतींत मराठी घराला एक विलक्षण संकोच आहे. सभा संपतांना पाहुण्यांचे आभार मानले जातात, पत्राच्या शेवटीं आभार लिहिले जातात. परंतु वाढलेल्या भाकरीबद्दल मुलगा आईचे आभार मानूं लागला, तर आई दचकेल. "मी काय परकी आहें?" असें ती विचारील. आपलेपणा जितका अधिक तितके आभार कमी, ही घरोघरची रीत आहे. ती वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं, कारण तिच्या मुळाशीं प्रेमच असतें. परंतु जें कधीं बोललें जात नाहीं, तें हळूहळू दिसेनासेंहि होतें. पहांटे उठणारी आई, धुणींभांडीं करणारी बाई, शेतांत राबणारा गडी, यांचे कष्ट घराच्या भिंतींसारखे होऊन जातात. भिंतीकडे कोण पाहतो? ती पडली म्हणजेच लक्ष जातें.

लूकच्या शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाहि बरे झाले. येशूच्या पायां पडावयास परत आला तो एक, आणि तोहि शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीनें परका. उरलेले नऊ दुष्ट होते असें समजण्याचें कारण नाहीं. याजकाकडे जाण्यास त्यांस सांगितलेंच होतें; तेथून ते बहुधा आपापल्या घरांकडे धांवले असतील. आनंद त्यांनाहि झालाच असेल. आनंद होणें आणि मागें वळणें यांमध्यें जें अंतर आहे, तेंच त्या कथेचें मर्म आहे. जेवणापूर्वींची प्रार्थना म्हणजे दिवसांतून दोनदां मागें वळण्याचा अभ्यास होय.

घरीं जें दोन वेळां घडतें तेंच मंडळींत वर्षांतून एकदां थाटानें घडतें. देशावर सुगी पदरांत पडली कीं मराठी मंडळ्या उपकारस्तुतीचा सण करितात. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें. त्या भागांतील कित्येक खेडीं बाजरी-ज्वारीवर जगणारीं. अशा खेड्यांतील उपासनामंदिरांत सणाच्या दिवशीं व्यासपीठापुढें कणसें, भोपळे, मेथीच्या जुड्या, उंसाचीं कांडीं, क्वचित् पाय बांधलेली एखादी कोंबडी, अशी रास लागते. ज्याला शेत नाहीं तो बाजारांतून कांहीं घेऊन येतो, नाहींतर घरीं केलेले लाडू आणतो. उपासना संपली कीं अंगणांत त्या वस्तूंचा लिलाव होतो. या लिलावाचें अर्थशास्त्र बाजाराहून निराळें. एका लिंबावर बोली चढत चढत जाते. घेणारा तेंच लिंबू पुन्हां अर्पण करितो आणि चार जणांनीं विकत घेतलेलें तें लिंबू पांचव्यांदा टेबलावर येतें. मुलें टाळ्या पिटतात, पाळकहि हंसतात. त्या हास्यांत एक गोष्ट मात्र सहज विसरली जाते: टोपलीच्या तळाशीं कोणा विधवेनें ठेवलेलीं दोन अंडीं. तिच्या घरीं त्या दिवशीं तीं दोनच होतीं. मंदिराच्या दानपेटींत दोन नाणीं टाकणारी विधवा येशूच्या नजरेतून सुटली नव्हती. मंडळीच्या हिशेबनीसाच्या नजरेतून ती सुटण्याचा संभव असतो.

कोंकणपट्टींत हाच सण भाताच्या लोंब्या घेऊन येतो. मुंबईच्या उत्तरेस समुद्रकांठच्या गांवांतील ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं 'आगेरा' करितात. नव्या लोंब्या मिरवणुकीनें चर्चमध्यें नेतात आणि धर्मगुरु त्यांवर आशीर्वाद उच्चारतात. गोमंतकांत कोणसाचें फेस्त ऑगस्टमध्यें येतें आणि आशीर्वाद दिलेल्या लोंब्या घराघरांतील देव्हाऱ्यांत ठेविल्या जातात. पंथ वेगळे, पिकें वेगळीं. पहिला वांटा देवाचा, ही समजूत एकच.

या समजुतीचें मूळ फार जुनें आहे. बायबलांतील अनुवाद नामक ग्रंथांत इब्री शेतकऱ्यास प्रथमफळांची टोपली घेऊन कसें उभें राहावें हें सांगितलें आहे. तेथें त्यानें आपल्या नांगराची, बैलांची अथवा घामाची गोष्ट सांगावयाची नाहीं. आपला पूर्वज एक भटका होता, आपलें कुळ मिसर देशांत गुलाम होतें आणि तेथून देवानें सोडविलें, ही कथा त्यानें बोलून दाखवावयाची. आणि मग? मग त्यानें ज्याला जमीन नाहीं त्या लेव्यास आणि गांवांत राहणाऱ्या परक्यास बरोबर घेऊन आनंद करावयाचा. म्हणजे उपकारस्तुतीला दोन पाय आहेत. एक पाय आठवणींत असतो, दुसरा परक्याच्या दारीं. एक पाय लंगडा पडला कीं सण उभा राहत नाहीं.

येथें एक कठीण प्रश्न येतो. ज्या वर्षीं टोपलींत घालावयास कांहींच नसतें, त्या वर्षीं काय करावें? पाऊस रुसला, खळें रिकामें राहिलें, घरांतलें कमावतें माणूस गेलें. अशा वेळीं ताटापुढें डोळे मिटून कोणते उपकार आठवावे? भरल्या पोटीं केलेली स्तुति सोपी असते. हबक्कूक संदेष्ट्यानें अंजिराला फूल नाहीं, शेतांत धान्य नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, अशी रिकाम्या घराची यादी करून शेवटीं देवाच्या ठायीं आनंद व्यक्त केला आहे. आणि ज्या रात्रीं येशूस पकडण्यांत आलें, त्याच रात्रीं त्यानें भाकर हातीं घेऊन प्रथम उपकारस्तुति केली. ख्रिस्ती मंडळी ज्या विधीला प्रभुभोजन म्हणते, त्याचें ग्रीक नांव 'युखारिस्त'. त्याचा अर्थच उपकारस्तुति. मंडळीच्या सर्वांत पवित्र भोजनाचा आरंभ सुखाच्या दिवसांत झालेला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक जिवंत उत्तर आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत जो दुष्काळ पडला, त्यांत पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडणाऱ्या या कुटुंबाची वाताहत झाली. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेलीं. भूक म्हणजे काय हें रमाबाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. ते अनुभव त्यांनीं स्वतः लिहून ठेविले आहेत. पुढें भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आंत पति गेले. पदरीं एक मुलगी राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. मग १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई तेथें गेल्या आणि सुमारें ३०० मुलींना आणि स्त्रियांना घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांच्यासाठीं जें घर उभें राहिलें, तेंच मुक्तिसदन. तेथें शेती होती, विणकाम होतें, छापखाना होता, आणि पंक्तीला बसणाऱ्या शेंकडों मुली होत्या.

दुष्काळांतून आपण वांचलों, यावर माणूस अनेक प्रकारें विचार करूं शकतो. दैव बलवत्तर म्हणून वांचलों, असें म्हणतां येतें. हुशारीनें वांचलों, असेंहि म्हणतां येतें. दोन्ही वाक्यें तेथेंच संपतात. उपकारानें वांचलों असें म्हटलें, तर मात्र तें वाक्य संपत नाहीं. पुढें कोणाला वांचवावयाचें, हा प्रश्न त्याला चिकटूनच येतो. रमाबाईंच्या मुक्तिसदनांत जेवणापूर्वीं जी प्रार्थना होई, तिचा खरा अर्थ समोरच्या पंक्तीकडे पाहिलें म्हणजे कळत असे.

आरंभीं जिचा उल्लेख केला ती फसगत ती हीच, कीं उपकारस्तुति तोंडांतच संपावी. येशूच्या एका दृष्टांतांत दोन मनुष्यें मंदिरांत प्रार्थना करितात. जकातदार छाती बडवून दया मागतो. परूशी मात्र देवाचे आभार मानतो. आपण इतर लोकांसारखे नाहीं याबद्दल. शब्द निर्दोष आहेत, आरंभ उपकारस्तुतीचाच आहे, आणि तरीहि नीतिमान् ठरून घरीं गेला तो जकातदार. देवानें बरें दिलें, मुलें शिकलीं, घर झालें, शेजाऱ्यासारखी वेळ आली नाहीं, अशा प्रार्थना आजहि चांगल्या घरांतून ऐकूं येतात. त्यांतील शेवटचा तुकडा हळूच मंदिरांतल्या त्या परूशाजवळ जाऊन उभा राहतो. शेजाऱ्यावर आलेली वेळ ही कोणाच्या उपकारस्तुतीचें कारण होऊं शकत नाहीं; ती त्याच्या दारीं जाण्याचें कारण होऊं शकते.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे आणि ती घरांतच घडते. देवाचे आभार मानले म्हणून माणसांचे मानण्याचें कारण उरलें नाहीं, असें वाटूं लागतें. भाकरीबद्दल स्वर्गाकडे हात जोडले जातात आणि भाजणारीचा हात पोळला आहे, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें मराठी मंडळ्यांनीं कंठांत धारण केलीं. परंतु त्या घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांचीं पानें कोणी वाढलीं, संसाराची तोंडमिळवणी कोणी केली, हें मराठी वाचकांस कळलें तें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' लिहिलीं तेव्हां. तीं १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्या वेळीं टिळकांस जाऊन पंधरा वर्षें झालीं होतीं. त्या पुस्तकांत ओढाताण पुष्कळ आहे. कडवटपणा शोधूनहि सांपडत नाहीं. तरी प्रत्येक घरांतील लक्ष्मीबाईस आपलें पुस्तक लिहितां येत नाहीं. तिच्या कष्टांची नोंद घरच्यांनींच ठेविली पाहिजे.

ती कशी ठेवावी, हें मराठी घराला शिकवावें लागणार नाहीं. 'आभार' हा शब्द आईला परका वाटतो, हें खरें; पण 'पिठलें आज झकास झालें आहे, आणखी वाढ' हें वाक्य परकें वाटत नाहीं. तेंहि उपकार ओळखणें आहे आणि तीहि स्तुतीच आहे. घरांतील माणसांपाशीं मराठी जीभ याच भाषेंत आभार मानीत आली आहे. मात्र जेवतांना गप्प राहणाऱ्यांस ती भाषाहि हळूहळू विसरते.

सायंकाळच्या त्या घरांत 'आमेन' म्हणून झालें आहे. मुलगा भाकरी मोडतो, वडील पिठल्याची स्तुति करितात, आजी हंसते. आई सर्वांना वाढते आहे. ती मागाहून बसणार. आजहि पुष्कळ घरांत अन्न करणारी शेवटीं बसते. देवाकडे केलेली उपकारस्तुति खरी होती कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं फार लांब जावयास नको. तिसरी भाकरी मागण्यापूर्वीं त्या मुलानें टोपलींत डोकावून पाहिलें, आईपुरती उरली आहे ना म्हणून, आणि दारीं कोणी उपाशी येऊन उभा राहिला तर त्याच्यापुरती आहे ना म्हणून, तर ती अर्ध्या मिनिटाची प्रार्थना त्या घरांत पोंचली असें खुशाल समजावें.