परतीची वाट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरीत बसली होती. अर्ज सात पानांचा, आणि मुदत त्याच रात्री बारा वाजता संपायची. सहाव्या पानावर आल्यावर तिच्या मनात आले, की तिसऱ्या पानावर लिहिलेला बँकेचा खातेक्रमांक एकदा ताडून पाहावा. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा बाण होता. बाणाचे तोंड मागे, तेव्हा तो मागच्या पानावर नेईल असे तिने धरले. कोणीही तसेच धरील. तिने बाण दाबला, आणि समोर आले ते ॲपचे पहिले पान. सहा पानांत लिहिलेले सारे पुसले गेले होते. तिने पुन्हा आरंभ केला, चौथ्या पानापर्यंत पोहोचली, आणि बारा वाजले. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अरे, मी नुसती मागे गेले रे. माझं काय चुकलं?"

श्रोतेहो, तिचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते त्या बाणाला काम नेमून देणाऱ्याचे. मी गणिताचा शिक्षक. आमच्या कॉलेजातली काही मुले वर्ग सुटल्यावर मोबाइलची ॲपे तयार करतात, आणि त्यांच्याबरोबर बसून मीही त्यातले थोडेफार शिकलो आहे. त्या शिदोरीवर ताईच्या प्रश्नाचे उत्तर आज देणार आहे. तुम्ही ॲपे तयार करीत असाल, शिकत असाल, तर हे तुमच्यासाठी आहेच. पण नुसती वापरीत असाल तरी ऐका. आपल्याला राग कशाचा आला हे नेमके सांगता आले, म्हणजे तक्रारही नेमकी करता येते.

प्रथम ही वरची पट्टी म्हणजे काय ते पाहू. ॲपच्या माथ्यावर जी आडवी पट्टी असते, तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. तिच्यावर साधारणपणे तीन गोष्टी असतात: या पानाचे नाव, डावीकडे मागे जाण्याचे बटण, आणि उजवीकडे या पानावर करावयाचे एखादे काम, जसे 'जतन करा' किंवा 'शोधा'. म्हणजे मी कोठे आहे, कोठून आलो आणि येथे काय करू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे ही पट्टी देते. एस. टी. स्टँडवर उतरलेल्या माणसाला पाटी दिसली नाही तर तो जसा बावरतो, तसा ही पट्टी बिघडलेल्या ॲपमध्ये माणूस बावरतो.

आता या बटणामागची रचना. आपल्याकडे जुन्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे. एकावर एक मडके, आणि हाताला लागते ते सर्वांत वरचे. खालच्यातले काही हवे असेल तर वरचे आधी काढले पाहिजे. ॲपमधली पाने अशीच रचलेली असतात. नवे पान उघडले म्हणजे उतरंडीवर एक मडके चढले. मागे गेलो म्हणजे वरचे एक मडके उतरले आणि त्याखालचे दिसू लागले. प्रोग्रॅमर लोक या रचनेला स्टॅक म्हणतात. मागे जाण्याच्या बटणाचे काम एवढेच: वरचे एक मडके काढणे. एकच, आणि खालच्याला धक्का न लावता. ताईच्या ॲपमध्ये एका स्पर्शाने सगळी उतरंड खाली आली, आणि मडक्यांतले धान्यही सांडले.

या बटणाचा पोशाख बदलू नये असे माझे म्हणणे नाही. तो पुष्कळ वेळा बदलला आहे. आयफोनवर बाहेरच्या लोकांची ॲपे येऊ लागली ती २००८ साली. तेव्हा हे बटण बाणाच्या आकाराच्या, किनार असलेल्या चौकटीत असे. २०१३ साली चौकट गेली. बारीक कोन आणि साधा शब्द राहिला. २०२५ साली ॲपलने पट्ट्यांना आणि बटणांना काचेसारखे रूप दिले. तीन पोशाख झाले. अर्थ मात्र तोच राहिला. आपल्यालाही पोशाख बदलता येतो. तो बदलताना जी गफलत होते, ती सांगतो.

पहिली गफलत शब्दाची. आयफोनवर बाणाशेजारी मागच्या पानाचे नाव लिहिण्याची प्रथा अनेक वर्षे होती. ते नाव बदलायचे झाले, तर नवशिका मुलगा आता समोर असलेल्या पानावर खटपट करतो, आणि काहीच बदलत नाही म्हणून डोके धरून बसतो. खरी गोष्ट अशी, की तो शब्द मागच्या पानाच्या मालकीचा असतो. सासरी गेलेल्या मुलीला माहेरची वाट माहेरच्या नावाने ओळखायची. ते नाव सासरच्यांनी कसे ठरवावे? बदल करावयाचा तो मागच्या पानावर. शिवाय आपले मराठी मथळे लांब. 'शिष्यवृत्ती अर्जाची सद्यःस्थिती' एवढे नाव पट्टीत मावत नाही, तेव्हा यंत्रणाच ते काढून 'मागे' अशा अर्थाचा लहान शब्द घालते, आणि तोही मावला नाही तर नुसता बाण ठेवते.

काही जणांना शब्द नकोच असतो, नुसता बाण हवा असतो. त्यांनी एक युक्ती काढली: मागच्या पानाच्या बटणाला रिकामे नाव द्यायचे. दिसायला ठीक दिसले. परंतु २०२० साली आयफोनवर नवी सोय आली. मागे जाण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरले, तर आधीच्या सर्व पानांची यादी उघडते आणि हव्या त्या पानावर एकदम जाता येते. ज्यांनी रिकामी नावे दिली होती, त्यांच्या ॲपमध्ये ही यादी कोऱ्या ओळींची निघाली! गावांची नावे पुसलेला रस्त्याचा नकाशाच तो. त्याच साली नाव जागेवर ठेवून फक्त पट्टीवर न दाखवण्याची सरळ सोयही मिळाली. ती वापरावी.

दुसरी गफलत चित्राची. आपला स्वतःचा बाण असावा ही हौस स्वाभाविक आहे. आयफोनवर तसा बाण देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मूळ बटण राहू देऊन त्याचे चित्र तेवढे बदलणे. दुसरा, मूळ बटण काढून त्या जागी सर्वस्वी आपले बटण बसवणे. दिसायला दोन्ही सारखेच. परंतु २०१३ पासून आयफोनवर पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत सरकवले की मागचे पान येते, आणि दुसरा मार्ग धरला, की वेगळी तजवीज न केल्यास ही सोय बंद पडते. हल्लीचे फोन मोठे. एका हातात बाजाराची पिशवी असलेल्या माणसाचा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही; कडेवरून बोट सरकवणे हाच त्याचा खरा रस्ता. नक्षीदार बाणाच्या हौसेपायी आपण तो बुजवतो. शक्य तोवर पहिला मार्ग धरावा, हे उत्तम.

चित्राचीच आणखी एक बाजू. आमच्या मुलांनी कॉलेजच्या वेळापत्रकाचे एक ॲप केले होते. पट्टीवर सुबक चित्रे काढली होती. शब्द एकही नव्हता. आमच्याकडे शिकणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याच्या हाती ते दिले. त्याचा फोन पडद्यावरचे वाचून दाखवतो. आयफोनवर अशी सोय २००९ पासून आहे, आणि अँड्रॉइडवरही आहे. दोन मिनिटे बोट फिरवून तो म्हणाला, "सर, इथे तीन बटणं आहेत, आणि तिन्हींचं नाव 'बटण' आहे." मुले वरमली. मूळ बटणाला नाव आयते असते. आपण चित्र घातले तर नावही आपणच द्यावे लागते. ते काम एका ओळीचे आहे. न केले तर एक माणूस दाराबाहेर राहतो.

उर्दूचेही तसेच. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून उर्दू ॲपमध्ये परतीचे बटण उजव्या कोपऱ्यात जाते आणि बाणही उजवीकडे तोंड करतो. मूळ बाण आपोआप उलटतो. आपण काढलेले चित्र उलटावे हे त्या चित्राबरोबर सांगून ठेवावे लागते. मालेगाव-भिवंडीच्या वाचकासाठी ॲप करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

रंग आणि आकार यांविषयी थोडक्यात सांगतो. वेबसाठी ठरलेल्या सुगमतेच्या नियमांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांचा उजळपणा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांत निदान ४.५ ला १ असे प्रमाण असावे, चिन्हांसाठी ३ ला १. ॲपांनाही हेच माप लावावे. फिक्या पिवळ्यावर पांढरा बाण उन्हात कोणालाच दिसत नाही. बाण दिसायला लहान असला तरी दाबण्याची जागा लहान असू नये: ॲपल निदान ४४ पॉइंट लांबरुंद जागा सांगते, गूगल ४८ डीपी. ही दोघांची आपापली मापे आहेत. आणि पट्टीला रंग दिला असेल, तर पान वरच्या टोकाला असताना आणि खाली सरकवल्यावर, अशा दोन्ही अवस्थांत तो पाहावा. २०२१ साली आयफोनवर पान वरच्या टोकाला असताना पट्टी पारदर्शक राहू लागली. ज्यांनी त्या अवस्थेचा रंग वेगळा सांगितला नव्हता, त्यांच्या रंगीत पट्ट्या एकाएकी विटल्यासारख्या दिसू लागल्या.

आता अँड्रॉइडकडे वळू, कारण ताईचा फोन तोच. येथे परतीच्या वाटा दोन आहेत, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा तेथेच असते. एक वाट फोनची. २००८ साली निघालेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर मागे जाण्याची खरीखुरी कळ होती. पुढे ती पडद्याच्या तळाशी चित्ररूपाने आली, आणि २०१९ पासून डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची रीतही आली. दुसरी वाट ॲपची, म्हणजे वरच्या पट्टीतला बाण. फोनची वाट काळाच्या क्रमाने मागे नेते; आत्ताच जेथे होतात तेथे. पट्टीतला बाण ॲपच्या रचनेत एक पायरी वर नेतो. समजा, मित्राने निरोपातून बातमीचा दुवा पाठवला आणि तो दाबून तुम्ही बातमीच्या ॲपमध्ये आलात. फोनची वाट तुम्हाला मित्राच्या निरोपाकडे परत नेईल. पट्टीतला बाण त्याच ॲपमधल्या बातम्यांच्या यादीकडे नेईल. येथपर्यंत ठीक. परंतु ॲपच्या आत, एकामागून एक पाने उघडीत गेलेल्या माणसासाठी, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या पाहिजेत. 'एक पायरी वर' याचा अर्थ 'थेट मुख्य पान' असा कोणी केला, की ताईचा अर्ज पुसला जातो.

मग मागे जाणे कधीच अडवू नये काय? तसे नाही. पैसे भरून झाल्यावर मागे जाऊन पुन्हा पैसे भरण्याचे पान दिसू नये. काम संपलेले ते मडके उतरंडीतून काढून टाकावे. लिहिलेले हरवणार असेल, तर जाण्यापूर्वी विचारावे. विचारतानाही 'होय' आणि 'नाही' एवढेच लिहू नये. घाईत त्यांचा अर्थ उलटा लागतो. 'मसुदा ठेवा' आणि 'टाकून द्या' असे करावयाच्या कामाचे शब्द लिहावेत. त्याहून बरे म्हणजे विचारण्याची वेळच येऊ न देणे. प्रत्येक पान सोडताना त्यावरचे लिहिणे आपोआप जतन करावे. फोन दुसऱ्या कामासाठी जागा हवी म्हणून मागे पडलेले ॲप बंद करू शकतो; मध्येच कोणाचा फोन येतो, बॅटरी संपते. मसुदा जपलेला असला म्हणजे या सर्वांतून अर्ज वाचतो.

विद्यार्थ्यांना मी एक परीक्षा सांगतो. तुमचे ॲप घरातल्या वडील माणसाच्या हाती द्या. त्यांना सहाव्या पानापर्यंत जाऊ द्या. मग म्हणा, "तिसऱ्या पानावरचं एकदा बघून या." तुम्ही काही बोलू नका. ते पट्टीतल्या बाणाने गेले काय, बोट सरकवून गेले काय, तिसऱ्या पानावर पोहोचून पुन्हा सहाव्यावर आल्यावर सारे जसेच्या तसे असले पाहिजे. तेवढे झाले, की मग बाण हवा तेवढा नक्षीदार करा.

गेल्या वर्षी ताईने पुन्हा अर्ज भरला. आधी सातही पानांची उत्तरे वहीत लिहून काढली, मग फोनवर उतरवली. अर्ज गेला, शिष्यवृत्ती मिळाली. पण भरताना ती एकदाही मागे गेली नाही. चौथ्या पानावर तिला शंका आली होती, तरी ती तशीच पुढे गेली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "नको रे बाबा, परत सगळं जायचं."

एका बाणाने तिला ही धास्ती शिकवली. फोनवर अर्ज भरणारी अशी पुष्कळ माणसे आहेत, आणि आपले लिहिलेले तपासून पाहण्याचा त्यांचा हक्क साधा आहे. मागे गेलो तरी काही हरवत नाही, एवढा विश्वास त्यांना त्या कोपऱ्यातल्या बाणाने दिला पाहिजे. तो देणे ॲप लिहिणाऱ्याच्या हातात आहे.