आंदोलनातला गुन्हा आणि नोकरीचा अर्ज
(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



कापसाच्या भावासाठी रस्ता अडवणारा तरुण उद्या वरणगावच्या वा भुसावळच्या आयुध निर्माणीत, धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत उमेदवार म्हणून उभा राहतो. निवड झाली की साक्षांकन नमुना हाती पडतो. त्यात विचारलेले असते : कधी अटक झाली होती काय? खटला भरला गेला होता काय? जमावबंदी मोडल्याचा जुना गुन्हा त्याला आठवतो. एखादा हितचिंतक कानाशी लागतो, ‘नाही’ लिही, कोण पाहायला जातो! परंतु पोलीस पडताळणी पाहायला जातेच. मग जी नोकरी आंदोलनामुळे कदाचित गेली नसती, ती या एका ‘नाही’मुळे जाते.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली या प्रश्नाची सांगोपांग चर्चा केली. माहिती खरीच दिली पाहिजे, हे पहिले सूत्र. तरुणपणी घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब लपवली गेली असली, तरी नियोक्ता ती नजरेआड करू शकतो, हे दुसरे. नमुन्यात जे स्पष्टपणे विचारलेलेच नाही, ते लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही, हे तिसरे. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे, असा हक्क न्यायालयाने दिलेला नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडेच राहिला आहे.

खरी मेख येथेच आहे. क्षुल्लक काय आणि गंभीर काय, हे ठरवणार कचेरीतला अधिकारी. श्रीमंताच्या मुलाला वकील मिळतो. शेतमजुराच्या मुलाला नकाराचे कारणही धड कळत नाही. म्हणून नकार सकारण व लेखी असावा आणि त्यापूर्वी उमेदवाराचे म्हणणे ऐकले जावे, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे.

या बाबतीत आपला-परका असा भेद करून चालणार नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची नोकरी गेली होती. रामशंकर रघुवंशी खटल्यात 1983 साली न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निर्णय टिकू दिला नाही. विरोधकाचे स्वातंत्र्य वाचले, तेव्हाच समाजवाद्याचेही वाचले.

कार्यकर्त्यांवरही एक जबाबदारी येते. तरुणांना मोर्चात नेणाऱ्यांनी गुन्ह्याचा क्रमांक, कलमे, न्यायालय आणि निकाल यांची नोंद जपून ठेवावी. सरकारने खटला मागे घेतला, तरी झालेली अटक पुसली जात नाही. विचारले असेल तर तीही लिहावी.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. त्या दोघांना कोणी हा नमुना दिला असता, तर अटकेच्या रकान्यात त्यांनी निःसंकोच ‘होय’ लिहिले असते. खानदेशातल्या तरुणानेही तेच लिहावे. आणि त्या ‘होय’पायी त्याची भाकरी हिरावली जाऊ नये, यासाठी संघटनेने त्याच्या पाठीशी उभे राहावे.