पंचांग, आकाश आणि आपली श्रद्धा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या नात्यावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय अफाट, आमचा अधिकार अल्प. म्हणून ही दोन्ही जिथे एकत्र नांदतात आणि जे आपणा प्रत्येकाच्या घरी खुंटीला टांगलेले असते, त्या पंचांगापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

पंचांगावर आमची श्रद्धा आहे. एकादशी-संकष्टी आम्ही त्यावरूनच पाळतो. परंतु पंचांग हे मुळात आकाशाचे गणित, आणि ते आकाशाशी जुळेनासे झाले की दुरुस्त करावे, हा आपल्या जुन्या ज्योतिर्विदांचाच दंडक होय. मकरसंक्रांतीचेच पाहा. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीस. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो आणि ते अंतर साचत साचत आता २४ अंशांवर गेले आहे. यासच अयनांश म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या साऱ्याचा इतिहास दिला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी पाश्चात्त्य गणिताचा आधार घेऊन 'ज्योतिर्गणितम्' संस्कृतात रचले. परक्यांचे गणित घेतल्याने त्यांची एकादशी बाटली नाही. पुढे मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती आपल्यापैकी किती जण पाहतात, हे न विचारलेलेच बरे.

मात्र अयनांश कोणत्या ताऱ्यापासून मोजावा, हा वाद मिटलेला नाही. चित्रापक्ष आणि रेवतीपक्ष यांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. म्हणूनच टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. सण चार दिवस अलीकडे-पलीकडे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पत्रिकेत.

आमच्या एका पुतणीची पत्रिका एका स्थळाकडे गेली. लग्न मेष, २७ अंश. मंगळ कर्केत, १० अंश. म्हणजे मंगळ चौथा, मुलगी मंगळाची. स्थळाने नकार कळविला. दुसऱ्या ज्योतिषीबुवांनी तीच जन्मवेळ घेऊन टिळक पंचांगाप्रमाणे कुंडली मांडली. सारे चार अंशांनी पुढे गेले. लग्न वृषभेत १ अंशावर आले, मंगळ कर्केतच १४ अंशांवर राहिला. मंगळ तिसरा, दोष नाही! मुलगी तीच, मंगळही तोच. आकाशात त्या रात्री काहीही हललेले नव्हते. नकार मात्र परत आला नाही, आणि त्यानंतरची तीन वर्षे त्या घराने कशी काढली, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आणखी एक साधा हिशेब. पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे, अशी बारांपैकी पाच स्थाने मंगळदोषाची. म्हणजे शंभर पत्रिकांत चाळिसांच्या वर पत्रिका सदोष निघणार. अपवादांची कलमे लावून त्यांतील कित्येक सोडविता येतात, हे आम्ही जाणतो; पण ती कलमे श्रीमंताच्या घरी लवकर सापडतात, असा आमचा अनुभव आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपल्या शास्त्रज्ञांचे यान त्याच मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या दिवशी आपल्या घराघरांत पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी पत्रिका पुन्हा पूर्ववत जुळू लागल्या.

कोणी व्रत सोडावे, देवघर बंद करावे, असे आमचे म्हणणे नाही. तिथी आम्ही उद्याही पंचांगातच पाहू. परंतु आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदणीच्या अर्जात नाव, जन्मवेळ आणि जन्मस्थळ यांच्या खालोखाल 'मंगळ आहे किंवा नाही' असा रकाना आहे. शिक्षणाचा रकाना त्याच्याही खाली. हा मंगळाचा रकाना काढून टाकावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली असून ती येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ज्यांना पत्रिका पाहावयाची आहे, त्यांनी ती आपल्या घरी खुशाल पाहावी. मंडळाने तो शिक्का कोणत्याही मुलीच्या अर्जावर मारू नये, एवढेच आमचे मागणे आहे. सभेस भगिनींनी अवश्य उपस्थित राहावे. मतदान हात वर करून होते.